पॅनक्रियाजमधली एव्हीएम: बायोप्सी, एम्बोलायझेशन की थेट ऑपरेशन?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याच्या भावाचं वय 46, दारू नाही, लिव्हरचा आजार नाही. गेल्या दोन वर्षांत तीनदा काळी चिकट संडास झाली, हिमोग्लोबिन खाली गेलं, रक्त चढवावं लागलं. दोनदा एंडोस्कोपी आणि एकदा कोलोनोस्कोपी झाली, ठोस काही सापडलं नाही, फक्त एकदा ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) छोटा अल्सर दिसला आणि त्यावर गोळ्या दिल्या. मधूनमधून पोटाच्या वरच्या भागात दुखतं. आता सीटीत पॅनक्रियाजच्या (स्वादुपिंडाच्या) डोक्यात, म्हणजे ड्युओडेनमला लागून असलेल्या जाड भागात, 'रक्तवाहिन्यांचा गुंता, एव्हीएम किंवा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ)' असं लिहून आलंय. एक डॉक्टर बायोप्सी म्हणतात, दुसरे एम्बोलायझेशन, तिसरे व्हिपल ऑपरेशन (पॅनक्रियाजचं डोकं काढण्याचं). नक्की काय करायचं?

मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे धमनीत कॅथेटर घालून रक्तवाहिन्या बंद करणं हे माझं रोजचं काम आहे, तेव्हा खाली एम्बोलायझेशनच्या मर्यादांबद्दल जे लिहितोय ते त्याच कामातल्या माणसाचं मत समजून वाचा. आधी सरळ उत्तर देतो: बायोप्सी आत्ता नको. पहिल्यांदा नीट टायमिंगचा सीटी, मग अँजिओग्राफी. एव्हीएमच आहे हे पक्कं झालं, भाऊ ऑपरेशन झेपण्याइतका फिट असला आणि गुंता काढता येण्यासारख्या जागी असला तर ऑपरेशन, आणि तेही पोर्टल व्हेनचं, म्हणजे पोटातल्या अवयवांचं रक्त लिव्हरकडे नेणाऱ्या शिरेचं, प्रेशर कायमचं वाढायच्या आत. एम्बोलायझेशनची जागा आहे, पण बहुतेक वेळा ती ऑपरेशनच्या आधी किंवा ऑपरेशन शक्यच नसेल तिथे.

आता हे असं का, ते नीट सांगतो.

एव्हीएम म्हणजे आर्टिरिओव्हीनस मालफॉर्मेशन. शरीरात धमनीतलं रक्त आधी बारीक केशवाहिन्यांच्या जाळ्यात जातं, तिथे त्याचं प्रेशर उतरतं आणि मग ते शिरेत येतं. एव्हीएममध्ये हे मधलं जाळंच नसतं, त्याच्या जागी वेड्यावाकड्या वाहिन्यांचा एक गुंता असतो, त्याला आम्ही नायडस म्हणतो. कालव्याचं पाणी मधे एकही दरवाजा न ठेवता थेट शेतातल्या पाटात सोडलं तर पाट रुंदावतो, काठ फुटतात आणि शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचतच नाही, तसंच इथे होतं. पॅनक्रियाजचं सगळं अशुद्ध रक्त पोर्टल व्हेनमध्ये जातं, तिथलं नॉर्मल प्रेशर जेमतेम 5 ते 10 मिलीमीटर (पाऱ्याचं), आणि धमनीतलं सरासरी 90 च्या आसपास. हे दोन थेट जोडले गेले की पुढचं सगळं त्यातूनच घडतं.

हा आजार दुर्मिळ आहे यात शंका नाही. पॅनक्रियाजमधल्या एव्हीएमची पहिली नोंद 1968 सालची, हाल्पर्न आणि सहकाऱ्यांची, आणि आजही जगभरातले नोंदलेले रुग्ण शेकड्यांतच मोजता येतात, त्यातले बरेच जपानमधले. पुरुषांत जास्त, आणि पॅनक्रियाजच्या डोक्यात जास्त. बहुतेक जन्मजात असतात पण त्रास चाळिशी-पन्नाशीत सुरू होतो, कारण गुंता आणि त्यातला प्रवाह हळूहळू वाढत जातो. थोड्या रुग्णांत मात्र तो नंतर तयार होतो, म्हणजे पॅनक्रियाटायटिस (पॅनक्रियाजला सूज), पोटाला मोठा मार किंवा ट्यूमर यानंतर.

आता दोन-दोन एंडोस्कोपी करून काही सापडत नाही याचं कारण. लोकांना वाटतं एक आजार म्हणजे रक्त यायची एक जागा. इथे तसं नाही. गुंता फुटून रक्त पॅनक्रियाजच्या नळीत जातं आणि तिथून ड्युओडेनममध्ये उतरतं, किंवा पित्तनळीत जातं. पोर्टल प्रेशर वाढलं की अन्ननलिकेत, जठरात किंवा ड्युओडेनममध्येच शिरा फुगतात आणि त्या फुटतात. आणि तिसरं, ज्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं: धमनीतलं रक्त गुंत्याकडे पळवलं गेल्यामुळे शेजारच्या ड्युओडेनमला रक्त कमी पडतं आणि तिथे अल्सर होतो. तो ॲसिडच्या गोळ्यांनी नीट भरत नाही, हेलिकोबॅक्टरची टेस्ट निगेटिव्ह येते, पेनकिलर घेतल्याचा इतिहास नसतो. तुमच्या भावाच्या रिपोर्टमधला तो 'छोटा अल्सर' मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो, तो नेमका ड्युओडेनमच्या कुठल्या भागात होता आणि कुठल्या भिंतीवर, हे जुन्या रिपोर्टमध्ये बघा, पॅनक्रियाजच्या बाजूच्या भिंतीवर असेल तर संशय अजून पक्का होतो.

शिवाय हे रक्त थांबून थांबून येतं. ॲडमिट होऊन स्कोप होईपर्यंत थांबलेलं असतं. आणि नेहमीचा स्कोप समोर बघतो, पॅनक्रियाजची नळी जिथे उघडते ती जागा ड्युओडेनमच्या बाजूच्या भिंतीवर असते, ती त्यात धड दिसत नाही, त्यासाठी बाजूला बघणारा स्कोप लागतो, तोच जो ईआरसीपीला (पित्ताच्या आणि पॅनक्रियाजच्या नळ्यांच्या स्कोपमधून होणाऱ्या तपासणीला) वापरतात. पुन्हा काळी संडास झाली तर तेव्हाच त्या स्कोपने ती जागा बघायचा आग्रह धरा. अजून एक खूण: आधी पोटात कळ येते आणि नंतर काही वेळाने काळी संडास होते, असं पुन्हा पुन्हा घडत असेल तर नळीत रक्ताची गुठळी अडकून प्रेशर वाढतंय असं समजायला जागा आहे. त्या वेळी अमायलेज-लायपेज या पॅनक्रियाजच्या एन्झाइमच्या रक्ततपासण्या करून घ्या, वाढलेले सापडू शकतात. भावाला हे विचारा, पेशंट आपणहून हा क्रम सांगत नाहीत कारण दोन्हीचा संबंध त्यांच्या लक्षात येत नाही.

निदानाकडे येऊ. साध्या सीटीचा उपयोग मर्यादित आहे, कारण पोटाचा नेहमीचा सीटी डाय दिल्यावर साधारण 65-70 सेकंदांनी काढतात, त्या वेळी धमन्या आणि शिरा दोन्ही भरलेल्या असतात आणि एव्हीएमची सगळ्यात मोठी खूण हातातून निसटते. ती खूण म्हणजे धमनीच्या टप्प्यात, म्हणजे 25-30 सेकंदांच्या आसपास, जेव्हा पोर्टल व्हेन जवळजवळ रिकामी दिसायला हवी तेव्हाच ती डायने भरलेली दिसते. माझ्यासाठी निदानाचा कणा हाच आहे. पॅनक्रियाजमध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखा चमकणारा भाग दिसतो, त्याला जाणाऱ्या धमन्या फुगलेल्या आणि वळणावळणाच्या दिसतात, हे सगळं खरं, पण चमकणारा भाग ट्यूमरमध्येही दिसतो, शीर वेळेआधी भरणं मात्र सहसा नाही. म्हणून तुमचा सीटी कुठल्या टप्प्यांत काढलाय हे रेडिओलॉजिस्टला विचारा, धमनीचा टप्पा नसेल तर पुन्हा काढावा लागला तरी काढा. नुसता छापील रिपोर्ट नको, पूर्ण इमेजेसची सीडी सोबत ठेवा.

डॉप्लर सोनोग्राफी स्वस्तातली तपासणी म्हणून लोक तिला हलकं समजतात, मी समजत नाही. पोर्टल व्हेनमध्ये प्रवाह एरवी संथ आणि जवळजवळ सपाट असतो, तिथे धमनीसारखे ठोके दिसले तर वर कुठेतरी धमनी शिरेत उघडतेय हे जवळपास कळतंच, रेडिएशन नाही, डाय नाही, आणि पुढे दर वेळी फॉलोअपला हीच तपासणी कामी येते. एमआरआयमध्ये वेगाने वाहणारं रक्त काळ्या पोकळ्यांसारखं दिसतं, आणि नळ्यांची रचना बघायला एमआरसीपीचा, म्हणजे नळ्यांच्या एमआरआयचा, उपयोग होतो.

शेवटचा शब्द अँजिओग्राफीचा. त्यात सिलियाक आणि सुपीरियर मेसेंटेरिक या पॅनक्रियाजला रक्त देणाऱ्या दोन्ही धमन्या स्वतंत्रपणे बघायच्या, एकच बघून थांबायचं नाही. दिसतं असं: फुगलेल्या धमन्या, मग जाळीसारखा गुंता, पॅनक्रियाजवर डायचा गडद डाग जो क्षणात येतो आणि क्षणात जातो, आणि लगेच पोर्टल व्हेन. एकदा हे चित्र समोर आलं की शंका फारशी उरत नाही.

आता बायोप्सीबद्दल. ज्या गाठीत धमनीच्या प्रेशरचं रक्त खेळतंय तिच्यात सुई घालायची नाही, अँजिओने शंका मिटेपर्यंत तर नाहीच. बायोप्सी सुचवणाऱ्या डॉक्टरांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही, कारण न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरही भरपूर रक्ताचा असतो, किडनीच्या कॅन्सरची गाठ पॅनक्रियाजमध्ये तशीच दिसते (आधी किडनीचा कॅन्सर होऊन गेला असेल तर हे आवर्जून सांगा), शेपटाकडे असेल तर पॅनक्रियाजमध्ये अडकलेला प्लीहेचा तुकडाही असाच चमकतो. पण हे प्रश्न सोडवायला बिनसुईचे रस्ते आहेत. ट्यूमरची शंका उरलीच तर गॅलियम डोटाटेट पेट स्कॅन, न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर त्यात सहसा उजळतो, फक्त प्लीहेचा तुकडाही उजळतो हे वाचणाऱ्याच्या डोक्यात पाहिजे. एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड जरूर करा, त्यात डॉप्लर लावून गाठ म्हणजे सगळ्या वाहिन्याच आहेत हे दिसतं. फक्त बघायचं, टोचायचं नाही, आणि हे करणाऱ्या डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगून ठेवा.

एक गोष्ट कुणी विचारली नसेल तर मी विचारतो. भावाला लहानपणापासून घोळणा फुटतो का? ओठांवर, जिभेवर, बोटांच्या टोकांवर लाल ठिपके आहेत का? आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात कुणाला असा त्रास आहे का? पॅनक्रियाजच्या एव्हीएमचे बरेच रुग्ण ऑस्लर-वेबर-रेंदू, म्हणजे एचएचटी नावाच्या आनुवंशिक आजाराचे असतात. निदानासाठी क्युरासाओचे चार निकष वापरतात: वारंवार घोळणा, लाल ठिपके, आतल्या अवयवांत एव्हीएम, आणि आई-वडील-भावंडं-मुलं यांपैकी कुणाला तोच आजार. तीन जुळले की निदान पक्कं, दोन जुळले तर संशय. भावाचा एक निकष एव्हीएम सिद्ध झाली की आपोआप भरतो, म्हणजे नुसता नियमित घोळणा असला तरी संशयाच्या घरात आलो. मग फुप्फुसातल्या एव्हीएमसाठी बबल घालून केलेला इको करायलाच हवा, आणि तो ऑपरेशनच्या आधी, कारण फुप्फुसात तसा शॉर्टकट असेल तर सलाइनमधला हवेचा बुडबुडा किंवा गुठळी थेट मेंदूत जाऊ शकते, सलाइनच्या नळीला फिल्टर लावण्यासारखी काळजी घ्यावी लागते. मेंदूचा एमआरआय आणि लिव्हरचा डॉप्लरही त्यातच करून घ्या. आणि एचएचटी निघालाच तर तो एकट्या भावाचा विषय राहत नाही, तुम्ही आणि त्याची मुलंही तपासून घ्या. जीन टेस्ट उपलब्ध आहे.

उपचार. यात सगळ्यात जास्त गोंधळ एम्बोलायझेशनवरून होतो म्हणून ते आधी घेतो. ऐकायला ते सोपं वाटतं: मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी, धमनी बंद, टाके नाहीत, चार दिवसांत घरी. रक्तस्राव चालू असताना हे जीव वाचवतं, त्याबद्दल वादच नाही. पण आजार त्या धमनीत नसून नायडसमध्ये असतो. पॅनक्रियाजच्या डोक्याला वरून गॅस्ट्रोड्युओडेनल आणि खालून सुपीरियर मेसेंटेरिकच्या फांद्या येतात, आणि या दोन्ही एकमेकींना कमानींनी जोडलेल्या असतात. वरची बंद केली तर खालची मोठी होते, दोन्ही बंद केल्या तर काल दिसतसुद्धा नव्हत्या अशा बारीक फांद्या काही महिन्यांत जाड होतात, कारण पलीकडे कमी प्रेशरची शीर रक्त ओढतच असते. म्हणून लांबवरच्या धमनीत नुसती कॉइल (धमनी बंद करणारी धातूची बारीक स्प्रिंग) टाकून परत येणं हा माझ्या मते या आजारातला सगळ्यात वाईट पर्याय आहे. गुंता तसाच राहतो आणि पुढच्या वेळी आत शिरायची वाटच बंद झालेली असते. एम्बोलायझेशन करायचंच तर मायक्रोकॅथेटर गुंत्याच्या तोंडापर्यंत नेऊन ग्लू किंवा ओनिक्ससारखं द्रव्य गुंत्यातच भरायला हवं.

आणि तिथेही धोका आहे. डोक्याच्या भागाचं आणि ड्युओडेनमचं रक्त एकाच धमन्यांमधून येतं, द्रव्य थोडं पुढे-मागे गेलं तर ड्युओडेनमला इजा, पॅनक्रियाटायटिस, आणि प्रवाह वेगवान असेल तर द्रव्य पलीकडे पोर्टल व्हेनमध्ये जाऊन तिथे गुठळी. जिथे गुंता लहान आहे, एक-दोनच धमन्या येतात, किंवा पेशंटचं हृदय-फुप्फुस मोठं ऑपरेशन सोसणार नाही, तिथे मी एम्बोलायझेशन हाच मुख्य उपचार म्हणून करतो, गरज पडली तर टप्प्याटप्प्याने, आणि पेशंटला पहिल्या दिवशीच सांगतो की हे पुन्हा करावं लागू शकतं.

बाकीच्यांना ऑपरेशन. गुंता डोक्यात असेल तर व्हिपल, म्हणजे पॅनक्रियाजचं डोकं, ड्युओडेनम आणि पित्तनळीचा खालचा भाग काढून पुन्हा जोडणी, किंवा काही ठिकाणी ड्युओडेनम वाचवून फक्त डोकं काढतात. शेपटात असेल तर शेपूट काढायचं, बहुतेकदा प्लीहेसकट, ते तुलनेने हलकं ऑपरेशन आहे. प्लीहा जाणार असेल तर न्युमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलसच्या लसी किमान दोन आठवडे आधी द्यायला हव्यात, घाईत हे राहून जातं. व्हिपल लहान ऑपरेशन नाही, कुणी तसं सांगत असेल तर दुसरं मत घ्या. जिथे ही ऑपरेशन्स नियमित होतात तिथे मृत्यूचं प्रमाण 5 टक्क्यांच्या खाली असतं, पण पॅनक्रियाजच्या जोडातून गळती, जठर उशिरा रिकामं होणं हे त्रास तिथेही होतातच, आणि एव्हीएममध्ये भोवतालच्या शिरा फुगलेल्या असल्यामुळे रक्त जाण्याची भीती नेहमीपेक्षा जास्त. माझं काम खरं इथे उपयोगी पडतं, ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधी मुख्य धमन्या बंद करून दिल्या की सर्जनला कमी रक्तात काम करता येतं. ही तारीख सर्जन आणि रेडिओलॉजिस्टने एकत्र बसून ठरवायची असते, मधे दोन-तीन आठवडे गेले तर नवीन वाटा उघडतात आणि केलेलं वाया जातं. सर्जनला हेही विचारा की काढून झाल्यावर टेबलवरच डॉप्लर लावून पोर्टल व्हेनमधले ठोके गेले का बघणार का. ठोके राहिले तर गुंता राहिलाय.

मग एवढं मोठं ऑपरेशन कशाला, रक्त थांबलंय तर वाट बघू, असं घरच्यांना वाटणं अगदी साहजिक आहे. मला मात्र इथे भीती पोर्टल प्रेशरची वाटते. अनेक वर्षं धमनीच्या जोराचं रक्त लिव्हरकडे ढकललं गेलं की लिव्हरमधल्या पोर्टल व्हेनच्या बारीक फांद्या जाड आणि अरुंद होतात, आणि मग गुंता पूर्ण काढला तरी प्रेशर खाली येत नाही. पोटात पाणी, फुगलेल्या शिरा, मोठी प्लीहा, हे सगळं मागे राहतं, आणि अशा पेशंटचं व्हिपल करणंही फार अवघड होऊन बसतं. काहींमध्ये मग बँडिंग (फुगलेल्या शिरांना रबराच्या कड्या), बीटा ब्लॉकरच्या गोळ्या, क्वचित टिप्ससारखी (लिव्हरमधून नवी वाट काढून पोर्टल प्रेशर उतरवणारी) प्रोसीजर एवढंच हातात राहतं. म्हणून भावाची प्लीहा किती सेंटिमीटर आहे, प्लेटलेट किती आहेत आणि अन्ननलिकेत शिरा फुगल्यात का, या तीन गोष्टी मला सीटीतल्या गाठीच्या साइजपेक्षा महत्त्वाच्या वाटतात. तिन्ही नॉर्मल असतील तर वेळ हातात आहे, धावपळ न करता चांगलं सेंटर शोधा, पण तो वेळ महिन्यांचा समजा, वर्षांचा नको.

ज्यांना काहीच त्रास नाही आणि दुसऱ्याच कारणाने काढलेल्या सीटीत एव्हीएम सापडली त्यांचं वेगळं. तिथे सगळे डॉक्टर एकमताचे नाहीत, काही सर्जन पुढचे त्रास टाळायला आधीच काढतात. शेपटात असेल आणि पेशंट तरुण असेल तर मीही काढण्याच्या बाजूचा आहे, डोक्यात असेल, पोर्टल प्रवाह शांत असेल तर दर सहा महिन्यांनी डॉप्लर आणि ठरावीक काळाने एंडोस्कोपी करत थांबायला माझी हरकत नसते. तुमचा भाऊ या गटात येत नाही, तीनदा रक्त गेलंय.

निर्णय होईपर्यंतचं बघा. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक पूर्ण बंद, दुखलं तर पॅरासिटॅमॉल. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मात्र स्वतःहून बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा. फेरिटिन तपासून लोह भरून काढा. तोंडाने घेतलेल्या लोहाने संडास काळी होते आणि रक्त गेलंय का तेच कळत नाही, त्यामुळे या आजारात मला शिरेतून दिलेलं लोह बरं वाटतं. रक्ताची उलटी, काळी संडास आणि सोबत चक्कर, घाम, छातीत धडधड असं झालं तर जवळच्या नुसत्या ॲडमिशनच्या सोयीपेक्षा जिथे रात्रीही एंडोस्कोपी आणि कॅथलॅब दोन्ही चालू असतात तिथे न्या, आणि इमर्जन्सीच्या डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की पॅनक्रियाजमध्ये एव्हीएम आहे, कारण हे माहीत नसेल तर ते अल्सर समजून पुढे जातील. असं हॉस्पिटल कुठलं ते आजच ठरवून ठेवा.

ऑपरेशन झालं तर पुढे काही जणांना जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात, संडास तेलकट आणि तरंगणारी व्हायला लागली की समजायचं. शुगर नियमित तपासायची, डोकं काढल्यावर सगळ्यांनाच डायबेटिस होतो असं नाही पण शक्यता वाढते. पहिली डॉप्लर साधारण महिन्याभरात, मग धमनीच्या टप्प्यासकट सीटी किंवा एमआरआय तीन ते सहा महिन्यांनी, त्यात पोर्टल व्हेन वेळेआधी भरत नसेल आणि हिमोग्लोबिन लोह न देता टिकत असेल तर त्यानंतर वर्षातून एकदा पुरतं. एचएचटी असेल तर मात्र फॉलोअप आयुष्यभराचा, कारण दुसरीकडे नवीन गुंते तयार होऊ शकतात.

सीटीचे टप्पे, प्लीहेची साइज, प्लेटलेट आणि घोळण्याबद्दलचं उत्तर एवढं कळवलंत तर भावाच्या बाबतीत यापेक्षा नेमकं सांगता येईल.